बिऱ्हाड पाठीवर, पण कोणाच्या?



‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कौतुकानं फारशी कधी वापरली गेली नाही. ज्याला घर नाही, थारा नाही, त्याच्याबद्दल थोडी कीव आणि थोडा संशय मिसळूनच ती बोलली जाते. गेल्या काही वर्षांत मात्र बिऱ्हाड पाठीवर घेण्याला नवी झळाळी आली आहे. घर विकायचं, एक सुसज्ज गाडी घ्यायची, तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच झोप, आणि बारा महिने रस्त्यावर राहायचं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडमधल्या अशा हसऱ्या जोडप्यांच्या चित्रफिती मोबाइलवरून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचल्या आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आणलं. आपल्याकडे अजून हा सुटीपुरता हौसेचा मामला आहे. पण निवृत्तीला आलेल्या दोन-तीन मैत्रिणींनी अलीकडे मला अगदी गंभीरपणे विचारलं, ‘मुलं परदेशात, फ्लॅट दोघांना मोठा होतो, मग असं का जगू नये? खर्च तरी किती येतो?’

प्रश्न चांगला आहे, आणि त्याची टिंगल करण्याची मला मुळीच इच्छा नाही. बाईनं उंबरठा ओलांडायचा म्हटला की ‘केवढ्याला पडेल’ हे सांगायला सगळे पुढे येतात. तिनं उंबरठ्याच्या आत काढलेल्या चाळीस वर्षांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. म्हणून ‘जावं की जाऊ नये’ हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो हिशेबाच्या वहीचा. फिरत्या घराच्या खर्चाची जी वही आपल्याला दाखवली जाते, तिच्यात काय लिहिलेलं असतं, काय लिहिलेलं नसतं, आणि न लिहिलेली रक्कम शेवटी कोण भरतं, एवढंच मला पाहायचं आहे. ही राहणी जिथे सर्वांत जास्त रुजली त्या अमेरिकेचंच उदाहरण घेऊ.

आधी वहीत लिहिला जाणारा खर्च. गाडीची किंमत आणि तिच्यावरचं कर्ज हा पहिला आकडा. तिथे अशा गाड्यांसाठी वीस-वीस वर्षांची कर्जं मिळतात. म्हणजे गाडी मोडकळीला आली तरी हप्ते संपत नाहीत. मोठं मोटारघर लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर जातं. कॅम्पग्राउंडवर रात्रीपुरती जागा घेतली तर भाडं महाग, महिन्याची घेतली तर स्वस्त. म्हणजे जितकं कमी फिराल तितकं परवडतं. ज्यासाठी घर सोडलं ते फिरणंच सर्वांत महाग! टायर झिजले नाहीत तरी पाच-सात वर्षांत वयानुसार बदलावे लागतात. छपराचे सांधे वेळेवर भरले नाहीत तर पाणी भिंतीत मुरतं आणि आतलं लाकूड कुजतं. गाडीतच कायमचं राहणाऱ्यांचा विमा वेगळा. स्वयंपाकाचा गॅस, बॅटऱ्या, इंटरनेट, कपडे धुण्याचं दुकान, टपाल पुढे पाठवणारी सेवा, आणि ‘असू दे’ म्हणून मागे भाड्याच्या खोलीत ठेवलेलं सामान, हे सगळं वेगळंच. शिवाय गाडी दुरुस्तीला गेली की घरच दुरुस्तीला गेलेलं असतं. त्या रात्री हॉटेलात झोपावं लागतं आणि दुहेरी बिल भरावं लागतं.

हे टाळता येतं, असं जाणकार सांगतात. सरकारी पडीक जमिनीवर फुकट तळ टाकता येतो. पण तिथेही साधारण नियम असा की अठ्ठावीस दिवसांत एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. ॲरिझोनातल्या क्वार्टझाइट गावाभोवतीच्या वाळवंटात हिवाळ्यात हजारो गाड्या उतरतात. तिथल्या सरकारी तळावर सात महिने राहण्याचं शुल्क बरीच वर्षं अवघं १८० डॉलर होतं. वाचायला फार स्वस्त वाटतं. पण त्या पैशांत जागेवर नळ नाही, वीज नाही, सांडपाण्याची जोडणी नाही. पाणी भरून आणायचं, मैल्याची टाकी ठरलेल्या ठिकाणी नेऊन रिकामी करायची, आणि दरम्यान प्रत्येक भांडं दोन वाट्या पाण्यात धुवायचं.

इथूनच वहीत न लिहिलेला खर्च सुरू होतो.

पाणी मोजून वापरणारं घर चालवणं हे श्रमाचं काम आहे, हे दुष्काळी भागातल्या कोणत्याही बाईला सांगावं लागणार नाही. घर लहान म्हणजे काम कमी, हा पुरुषी गैरसमज आहे. जागा जितकी लहान तितकं प्रत्येक वस्तू काढणं-ठेवणं जास्त, धूळ जास्त, दर मुक्कामाला आवरासावर पुन्हा पहिल्यापासून. ऑस्ट्रेलियातल्या कॅरव्हॅनवाल्यांत गमतीनं ‘निळी कामं’ आणि ‘गुलाबी कामं’ असं म्हणतात. गाडी हाकणं, मागे घेणं, जोडणी करणं, मैला टाकी रिकामी करणं ही निळी. स्वयंपाक, धुणं, आवरणं, आजारपण काढणं ही गुलाबी. म्हणजे चार भिंती मागे राहिल्या, पण श्रमविभागणी गाडीत चढून बरोबर आली. या विभागणीची खरी किंमत एखाद्या दिवशी अचानक कळते. नवऱ्याला ओसाड रस्त्यावर हृदयविकाराचा झटका येतो आणि वीस वर्षं शेजारच्या आसनावर बसलेल्या बाईला गाडी जोडता येत नाही, वळवता येत नाही, कधीकधी चालवताही येत नाही. हे ओळखून दोन्ही देशांत खास बायकांसाठी अवजड गाडी हाकण्याचे आणि जोडगाडी ओढण्याचे वर्ग निघाले आहेत. ते वर्ग चालवणाऱ्या आणि शिकणाऱ्या बायकांना माझा सलाम. पण ते काढावे लागले, यातच सगळं आलं.

दुसरी न लिहिलेली रक्कम म्हातारपणाची. पत्रकार जेसिका ब्रुडर यांचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली आलं आणि दिग्दर्शिका क्लोई झाओ यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पुस्तकात भेटणारी माणसं हौशी प्रवासी नाहीत. २००८ च्या आर्थिक संकटानंतर घर, नोकरी किंवा दोन्ही गेलेली, साठी ओलांडलेली ती माणसं आहेत, आणि त्यांत एकट्या बायका पुष्कळ आहेत. त्यांतली लिंडा मे हिनं ट्रक चालवण्यापासून बांधकाम निरीक्षकाच्या नोकरीपर्यंत किती तरी कामं केली, दोन मुली वाढवल्या, आणि तरी उतारवयात घरभाडं भरण्याइतकं निवृत्तिवेतन हाती आलं नाही.

हे एकटीचं दुर्दैव नव्हे, त्यामागे व्यवस्थेचं गणित आहे. अमेरिकेत ‘सोशल सिक्युरिटी’चं निवृत्तिवेतन माणसाच्या सर्वाधिक मिळकतीच्या ३५ वर्षांवरून ठरतं. कमाईची वर्षं ३५ पेक्षा कमी भरली तर उरलेल्या प्रत्येक वर्षापुढे शून्य मांडलं जातं. मुलं लहान होती ती वर्षं, सासू अंथरुणाला खिळली होती ती वर्षं, नवऱ्याच्या बदलीपायी नोकरी सोडली ती वर्षं, सगळी शून्य. घटस्फोट झाला आणि लग्न दहा वर्षं टिकलं नव्हतं, तर नवऱ्याच्या खात्यावरही हक्क सांगता येत नाही. बाईचे बिनपगारी श्रम मोजायचे नाहीत असं ठरवलं की त्याचा निकाल तीस-चाळीस वर्षांनी लागतो. कोणासाठी तो निकाल म्हणजे व्हॅनमधली एक गादी असते. मग तिला ‘मुक्त भटकंती’ म्हणायचं.

आणि या मुक्त भटकंतीत विश्रांती नाही. उन्हाळ्यात जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर देखरेखीचं काम, त्यात संडास धुणंही आलं. अ‍ॅमेझॉन कंपनीनं २००८ पासून बरीच वर्षं नाताळच्या हंगामात अशा फिरत्या लोकांना गोदामांत कामाला लावण्याची खास योजना चालवली. ती आता बंद झाली आहे. ऑक्टोबर महिन्यात नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर, रेड नदीच्या खोऱ्यात, साखरेच्या बीटाची काढणी असते. दिवसरात्र बारा-बारा तासांच्या पाळ्या, कडाक्याची थंडी, बीटानं भरलेल्या ट्रकांची रांग, खाली सांडलेलं बीट फावड्यानं ओढायचं. कारखान्यानं गाडी उभी करायला जागा दिली की झालं. कामगार आपलं घर आपणच घेऊन येतो. हंगाम संपला की कामगारही जातो आणि त्याचं घरही जातं. मालकाला याहून सोयीचा मजूर कुठला मिळणार?

हे वाचताना महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाईच्या डोळ्यांपुढे जे यायला हवं ते माझ्याही आलं. आपल्याकडे साखर उसापासून होते, एवढाच फरक. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोचे ‘कोयते’ मुकादमाची उचल घेऊन निघतात. दोन माणसं मिळून एक कोयता, म्हणजे बाईची वेगळी मजुरी नाही, वेगळी नोंद नाही. बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर बिऱ्हाड, कारखान्याच्या आवारात नाही तर फडाशेजारी खोपी, पहाटे अंधारात स्वयंपाक, दिवसभर तोड, डोक्यावर मोळी, संडास नाही, न्हाणी नाही. एक दिवस खाडा झाला तर उचल फिटायची कशी, म्हणून पाळीच्या त्रासाचीही चैन परवडत नाही. २०१९ साली या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सर्वेक्षणात तपासलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. चाकांवरच्या संसाराची ही किंमत आपल्या घराजवळच मोजली गेली आहे. दोन्ही देशांतल्या बायकांची परिस्थिती सारखी आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या बाईला स्वतःच्या नावानं मजुरी मिळते, जादा तासांचा जादा दर मिळतो, आणि हे फार मोठे फरक आहेत. पण साखरेच्या भावात या बिऱ्हाडांचा खर्च धरला जात नाही, हे दोन्हीकडे खरं आहे.

तिसरी रक्कम पत्त्याची. ‘तुझं गाव कोणतं?’ या प्रश्नाला उत्तर नसणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांना विचारावं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मानं गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण पालावरच्या बाईला रेशनकार्डासाठी, जातीच्या दाखल्यासाठी, पोराच्या शाळेसाठी रहिवासाचा पुरावा अजूनही मागितला जातो. अमेरिकेतल्या फिरत्या माणसांनाही वाहन परवान्यासाठी, मतासाठी, बँकेसाठी कागदावर पत्ता लागतो. म्हणून कर कमी आणि नियम सोपे असलेल्या साउथ डकोटा, टेक्सस, फ्लोरिडा अशा राज्यांत ते टपालाचा पत्ता घेतात. पण तो धागा कच्चा असतो. साउथ डकोटानं २०२३ साली कायदा करून मतदार नोंदणीसाठी राज्यात तीस दिवस राहिल्याची अट घातली, आणि केवळ टपालाच्या पत्त्यावर विसंबलेल्यांच्या मताधिकारावर प्रश्नचिन्ह आलं.

पत्त्याशी आरोग्यही बांधलेलं आहे. वयाच्या पासष्टाव्या वर्षी केंद्र सरकारचा आरोग्य विमा मिळू लागतो. त्याआधीचे बहुतेक खाजगी विमे ठरावीक राज्यापुरते आणि ठरावीक डॉक्टरांपुरते असतात. गरिबांसाठीची मदत तर ज्या त्या राज्याची. पन्नाशी ते पासष्टी, म्हणजे रजोनिवृत्तीपासून रक्तदाब-मधुमेहापर्यंत सगळं ज्या वयात सुरू होतं, नेमकी तीच वर्षं अधांतरी. दर दोन आठवड्यांनी गाव बदललं तर छातीतली गाठ त्याच डॉक्टरला पुन्हा दाखवायची कशी? घराच्या भिंतींचंही तसंच. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघरांना सरकारनं राहायला कॅरव्हॅन दिल्या. लोक डोळे चुरचुरतात, श्वास लागतो अशा तक्रारी करत राहिले. २००८ साली, पाचशेहून अधिक गाड्या तपासल्यावर, आतल्या हवेत फॉर्माल्डिहाइड वायूचं प्रमाण जास्त असल्याचं सरकारी संस्थेनंच सांगितलं. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या स्वस्त फळ्यांतून तो येतो, आणि उन्हात वाढतो. २०१० साली त्या फळ्यांसाठी देशव्यापी कायदा झाला. तो झाला तो त्या बंद डब्यांत दिवसभर मुलांना घेऊन राहिलेल्यांनी केलेल्या तक्रारींमुळे.

चौथी रक्कम सुरक्षिततेची. ‘एकटी बाई रस्त्यावर? भीती नाही वाटत?’ हा प्रश्न प्रत्येक प्रवासी बाईला विचारला जातो. वाटते. म्हणूनच क्वार्टझाइटजवळ दर हिवाळ्यात भरणाऱ्या भटक्यांच्या मेळाव्याला जोडून केवळ बायकांचा मेळावा भरू लागला. संशय आला की कारण न शोधता जागा सोडायची, गाडी बाहेरच्या दिशेला तोंड करून उभी करायची, किल्ली हाताशी ठेवायची, असले शहाणपणाचे धडे बायका बायकांना देतात. पण आपल्या चळवळीनं इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट इथेही खरी आहे. धोका बाहेरच्या अनोळखी माणसापेक्षा आतल्या ओळखीच्या माणसाकडून जास्त असतो.

२०२१ साली गॅबी पेटिटो ही बावीस वर्षांची मुलगी आपल्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर एका व्हॅनमधून अमेरिका पाहायला निघाली. तिनं टाकलेल्या चित्रांत सारं सुंदर होतं. ऑगस्टमध्ये युटा राज्यातल्या मोआब गावी, त्यानं तिला मारल्याचं पाहून कोणी तरी पोलिसांना कळवलं. पोलिसांनी गाडी थांबवली. रडणारी, स्वतःलाच दोष देणारी गॅबी पाहून त्यांनी तिलाच मारहाण करणारी ठरवलं, आणि दोघांना एका रात्रीपुरतं वेगळं करून सोडून दिलं. सप्टेंबरमध्ये वायोमिंगच्या जंगलात तिचा मृतदेह सापडला. त्यानंच तिचा जीव घेतला होता. पुढे स्वतंत्र चौकशीत पोलिसांच्या चुका झाल्याचं नमूद झालं, आणि २०२३ साली युटानं कायदा केला की जोडीदाराच्या हिंसेच्या तक्रारीत बाईच्या जिवाला किती धोका आहे हे पोलिसांनी ठरावीक प्रश्न विचारून तपासलंच पाहिजे.

स्थिर घरात भिंतीपलीकडे शेजारीण असते. आवाज ऐकणारं कोणी असतं. वाण्याला तोंड ओळखीचं असतं, माहेर एका बसच्या अंतरावर असतं. फिरत्या घरात दर दोन आठवड्यांनी शेजार पुसला जातो, आणि हिंसा करणाऱ्या पुरुषाला याहून सोयीची गोष्ट दुसरी नाही. गाडी त्याच्या नावावर, किल्ली त्याच्या खिशात, पैसा त्याच्या खात्यात, आणि मुक्काम त्याच्या मर्जीनं. हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा?

शेवटची रक्कम परतीच्या वाटेची. शहरातलं घर जुनं झालं तरी जमिनीमुळे त्याची किंमत सहसा टिकते. गाडीची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते. अनेक खाजगी तळ दहा वर्षांहून जुनी गाडी आत घेत नाहीत. म्हणजे गाडीही म्हातारी, बाईही म्हातारी, आणि दोघींना दार बंद. तोवर विकलेल्या घराच्या पैशात पुन्हा घर येत नाही. रस्त्याच्या कडेला गाडीत झोपावं तर तेही आता सोपं राहिलेलं नाही. २०२४ च्या जूनमध्ये ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहाविरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की सार्वजनिक जागेवर तळ टाकून झोपणाऱ्यांना दंड करणं ही घटनेनं मना केलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. ऐपतवाल्यांच्या चकचकीत मोटारघराला हा निकाल लागत नाही. लागतो तो जुन्या व्हॅनमधल्या बाईला, आणि ती काळी असेल तर रात्री काचेवर पडणाऱ्या पोलिसाच्या टकटकीचा अर्थ आणखी वेगळा होतो.

मग या राहणीत बाईला काहीच मिळत नाही का? मिळतं, आणि ते सांगितलं नाही तर माझाही हिशेब खोटा ठरेल. दुसऱ्याच्या घरात आयुष्य काढलेल्या कितीतरी जणींना व्हॅन हे स्वतःच्या नावावरचं, स्वतःच्या कुलपाचं पहिलं घर वाटतं. कुणाच्या जेवणाच्या वेळा नाहीत, ‘कुठे निघालीस’ विचारणारं कोणी नाही. हे सुख खोटं नाही. एकट्या बायकांनी रस्त्यावर जोडलेली मैत्रीणमंडळं, एकमेकींच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या, आजारपणात एकमेकींजवळ येऊन थांबणाऱ्या बायका, हेही खरं आहे. के आणि जो पीटरसन या जोडप्यानं १९७८ साली सुरू केलेल्या ‘एस्केपीज’ या भटक्यांच्या संघटनेनं तर टेक्ससमधल्या लिव्हिंगस्टन इथे असं केंद्र काढलं, जिथे आजारी किंवा थकलेला सभासद आपल्या गाडीतच राहतो आणि जेवण, देखभाल त्याला मिळते. भटकणाऱ्यालाही शेवटी शेजार लागतो, हे त्यांनी वेळीच ओळखलं. आणि ती लिंडा मे? तिचं स्वप्न काय होतं माहीत आहे? जमिनीचा तुकडा घेऊन त्यावर स्वतःचं घर बांधायचं. ॲरिझोनाच्या वाळवंटात तिनं जमीन घेतलीही.

म्हणजे बाईला रस्ता हवा आणि घरही हवं. पुरुषाला हे दोन्ही एकदम मागताना संकोच वाटत नाही. तो फिरतो आणि त्याचं घर कोणी तरी सांभाळतं. बाईला मात्र दोहोंतलं एक निवड असं सांगितलं जातं. एक तर उंबरठा, नाही तर वणवण. ही निवडच आपण नाकारली पाहिजे.

म्हणून ज्या मैत्रिणी हा विचार करत आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पेट्रोलचा हिशेब मांडण्याआधी काही साधे प्रश्न विचारा. विकायच्या फ्लॅटवर तुमचं नाव आहे का? नसेल, तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं त्या घरात राहण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे. ते घर विकून टाकण्याला संमती देताना आपण कशावर पाणी सोडतो आहोत, हे वकील मैत्रिणीला विचारून घ्या. विक्रीच्या पैशांतला अर्धा वाटा तुमच्या एकटीच्या खात्यात जाणार आहे का? नवी गाडी कोणाच्या नावावर? ती तुम्हाला चालवता येते का, घाटात, रात्री, पावसात? दुसरी किल्ली कोणाकडे? आरोग्याचे कागद आणि विमा तुमच्या हातात आहेत का? स्वयंपाक आणि मैला टाकी यांची पाळी लावली आहे का? आणि मन फिरलं, प्रकृती फिरली, किंवा माणूस फिरला, तर ज्या दारावर थाप मारता येईल असं एक दार मागे उरतं का? फ्लॅट विकण्याऐवजी भाड्यानं देऊन सहा महिने फिरून येणं हा पर्याय कोणी तुमच्यापुढे ठेवला आहे का?

या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर खुशाल निघा. कोकणपट्टी आहे, सातपुडा आहे, सारा देश पडलेला आहे. आम्हाला पत्रं पाठवा, आम्ही ती छापू.

पण आणखी एक काम आपल्या सगळ्यांचं आहे, निघणाऱ्या आणि राहणाऱ्या दोघींचं. पर्यटकांच्या कॅरव्हॅनसाठी राज्यात पाणी, वीज, संडास असलेले तळ उभारायचं धोरण शासनानं केलं, याला आपला विरोध नाही. पण ज्या राज्याला हौशी प्रवाशासाठी हे सुचतं, त्याला ऊसतोडीच्या फडाशेजारी तीच तीन गोष्टींची सोय करणं अवघड नाही. कोयत्यातल्या बाईची मजुरी वेगळी मोजा, तिच्या नावानं द्या. पालावरच्या बाईला तिच्या पालाचाच पत्ता धरून कागद द्या. आणि मुलं, म्हातारी माणसं, आजारपणं सांभाळण्यात गेलेल्या वर्षांपुढे शून्य मांडणं थांबवा. हा खर्च बायका आजवर अंगावर काढत आल्या आहेत. आता तो वहीत लिहायचा आहे, आणि कोणाच्या नावे टाकायचा हेही आपणच सांगायचं आहे.